ऑटोग्रेडर लावताय? या चुका टाळा

प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला ऑटोग्रेडर, म्हणजे विद्यार्थ्यांचा कोड ठरावीक टेस्टवर आपोआप चालवून गुण देणारा प्रोग्रॅम, लावला की पहिल्याच असाइनमेंटनंतर एक तक्रार ठरलेली: ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय, इथे शून्य गुण.’ विद्यार्थी सबब सांगतोय असं धरून चालू नका. आधी तुमच्या टेस्ट उघडून बघा.

आउटपुट अक्षर न् अक्षर जुळवणं

विनाकारण गुण कापले जातात ते सगळ्यात जास्त इथेच. दोन संख्यांची बेरीज करायची आहे, आणि विद्यार्थ्याने पायथॉनच्या इनपुट फंक्शनमध्ये ‘पहिली संख्या:’, ‘दुसरी संख्या:’ असा मजकूर घातला. लॅपटॉपवर तो संख्या टाइप करून एंटर दाबतो, म्हणून प्रत्येक गोष्ट स्वतंत्र ओळीवर दिसते. ग्रेडरमध्ये संख्या फाइलमधून येतात, एंटर कुणीच दाबत नाही. मग आउटपुट असं चिकटून येतं: ‘पहिली संख्या: दुसरी संख्या: १२’. टेस्टला हवं असतं नुसतं ‘१२’. बेरीज बरोबर, गुण शून्य.

सुरुवातीच्या आठवड्यांत विद्यार्थ्यांकडून पूर्ण प्रोग्रॅमऐवजी फंक्शन लिहून घ्या आणि त्याने परत केलेली किंमत तपासा. आउटपुटच तपासायचं असेल, तर जुळवण्याआधी ओळीच्या शेवटच्या स्पेस, शेवटच्या रिकाम्या ओळी आणि विंडोजच्या फाइलमधलं जादा कॅरेज रिटर्न (ओळीच्या शेवटचं अदृश्य चिन्ह) काढून टाका. दशांश संख्यांना ‘बरोबर’ची खूण लावून तुलना करू नका: पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते बघणारं मॅथ मॉड्यूलमधलं ‘इझक्लोज’ वापरा. अपेक्षित उत्तर शून्य असेल, तर त्यात अ‍ॅब्सोल्यूट टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तो आकडा, स्वतः द्या. तो मुळात शून्यच असतो, त्यामुळे अगदी किंचित फरकानेही टेस्ट नापास होते.

‘टेस्ट ४ नापास’ एवढंच सांगणं

यातून नवशिक्याला काहीच कळत नाही. इनपुट, अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर शेजारी-शेजारी दाखवा. लिनक्सवरच्या एक्झिट कोडचंही (प्रोग्रॅम थांबताना मिळणाऱ्या आकड्याचं) भाषांतर करून द्या: टाइमआउट कमांड वापरली असेल तर १२४ म्हणजे वेळ संपला, १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातला), १३७ म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेली, बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडल्यामुळे.

सी भाषेत आणखी एक फसवणूक होते. टर्मिनलवर प्रिंटएफचं आउटपुट ओळ संपली की दिसतं. ग्रेडर ते पाइपमधून, म्हणजे टर्मिनलऐवजी थेट प्रोग्रॅमकडून, वाचतो, तेव्हा ते बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) साठत राहतं, आणि प्रोग्रॅम कोसळला की बफरसकट जातं. चूक चाळिसाव्या ओळीवर असते, पण आउटपुट कोरं दिसल्यामुळे विद्यार्थी पहिल्याच ओळीत ती शोधत बसतो. टेस्ट चालवताना सी मधल्या सेटव्हीबफ फंक्शनने बफरिंग बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण मुलांचे कित्येक तास वाचतात.

मर्यादा न घालणं

प्रत्येक सबमिशन वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून अलग ठेवलेल्या जागेत) चालवा: नेटवर्क बंद, मेमरी २५६ एमबी, प्रोसेस ६४, आउटपुट १ एमबी. या आकड्यांपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे बदला. जावाला मेमरी जास्त लागते. आउटपुटची मर्यादा हमखास राहून जाते, आणि प्रिंट असलेला एक अनंत लूप डिस्क भरून टाकतो. वेळेची मर्यादा ठरवताना आदर्श उत्तर त्याच सर्व्हरवर चालवा आणि त्याच्या तिप्पट ते पाचपट वेळ द्या. मोजा सीपीयूचा वेळ, म्हणजे प्रोसेसरने त्या कोडवर प्रत्यक्ष खर्च केलेला. घड्याळाची मर्यादा बरीच सैल ठेवून जोडीला असू द्या. नुसतं घड्याळ धरलं, तर मुदतीच्या शेवटच्या रात्री सर्व्हरवर गर्दी होते आणि बरोबर कोडही नापास होतो.

ज्युपिटर नोटबुक (कोडचे तुकडे, म्हणजे सेल, एकेक करून चालवता येणारी फाइल) स्वीकारत असाल, तर कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारा प्रोग्रॅम, रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवा. खोडून टाकलेल्या सेलमधलं व्हेरिएबल मेमरीत उरलेलं असतं, म्हणून विद्यार्थ्याकडे नोटबुक चालते आणि तुमच्याकडे अडते.

असाइनमेंट खुली करण्याआधी ग्रेडरला चार फाइल द्या: आदर्श उत्तर, अनंत लूप, दिसायला बरोबर पण एका टोकाच्या इनपुटला चुकणारा कोड, आणि पूर्ण रिकामी फाइल. शेवटची वगळू नका. ‘यादीतल्या मूळ संख्या छापा’ या प्रश्नात एखाद्या यादीत मूळ संख्याच नसेल, तर अपेक्षित आउटपुट कोरं असतं आणि रिकामी फाइल ती टेस्ट पास करते. अशा टेस्टमध्ये ‘एकही नाही’ असं छापायला सांगा.