गाडीच्या सीटचा रंग निवडताना या चुका टाळा

माझ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटला, दाराकडच्या कडेवर, तळहाताएवढा निळसर डाग आहे. सीट मोतिया रंगाची. उतरताना मांडी जिथे घासून जाते नेमका तिथेच तो पडलाय, आणि तो नव्या जीन्सचा आहे. पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, मळ असेल, पुढच्या वेळी गाडी आतून पुसताना निघेल. तीन महिन्यांनी पुसायला घेतला तर कापड पांढरंच्या पांढरं राहिलं. निळा रंग रेक्झिनच्या आत उतरला होता.

तरीही मोतिया रंग घेतल्याचा मला पस्तावा नाही. दार उघडलं की आतली जागा प्रसन्न वाटते आणि हे सुख रोजचं आहे. फक्त हा रंग सांभाळायला काय काय लागतं, ते घेताना विचारायचं राहून गेलं. आवड ज्याची त्याची, तीत चूक-बरोबर काही नसतं. पण रंग कोणत्या उजेडात पाहिला, केवढ्या तुकड्यावर पाहिला, त्याच्या शेजारी काय होतं आणि रोज त्यावर काय घासणार आहे, याकडे दुर्लक्ष झालं की आवडता रंगही काही महिन्यांत खुपायला लागतो.

दुकानातल्या दिव्याखाली पसंती देणं

मागच्या सीटचा एक भाग फाटला म्हणून तेवढाच बदलून घेतला होता. कारागिराने ट्यूबलाइटखाली जुन्या राखाडी कापडाला नवं कापड लावून दाखवलं. त्यालाही फरक दिसेना, मलाही दिसेना. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली तर नवा तुकडा चक्क हिरवट! कारागिराचं त्यात काही चुकलं नव्हतं. दोन कापडं वेगवेगळे रंग मिसळून रंगवलेली असली, तर एका उजेडात ती जुळी वाटतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी पडतात. रंगशास्त्रात याला मेटामेरिझम म्हणतात. घरातल्या पिवळसर बल्बचं रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळसर की निळसर याचं माप, साधारण 2700 केल्विन असतं, तर प्रमाण मानलेल्या दिवसाच्या उजेडाचं 6500 केल्विन. इतक्या फरकात बदामी रंग गुलाबीकडेही झुकू शकतो आणि हिरव्याकडेही.

म्हणून नमुना हातात घ्या आणि बाहेर या. एकदा भर उन्हात पाहा, एकदा सावलीत, आणि एकदा संध्याकाळी दारं लावून आतल्या दिव्यात. काचा गडद असतील तर काचा वर करून पाहा, कारण तुम्ही बसणार त्याच उजेडात. मखमलीसारखी लव असलेलं कापड असेल तर ते आडवं टेबलावर ठेवून उपयोग नाही. सीटच्या पाठीसारखं उभं धरा, एकदा लव वर आणि एकदा खाली करून. एकाच कापडाच्या दोन छटा दिसतील.

बोटभर कातरणावरून अख्खी गाडी ठरवणं

सॅम्पलच्या पुस्तकातला तुकडा काडेपेटीएवढा असतो. तोच रंग पाच सीटवर आणि दारांच्या आतल्या बाजूला पसरला की जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो. कातरणावर सभ्य दिसलेला विटकरी गाडीभर आरडाओरडा करतो. मोठ्या पसरासाठी नेहमी मनातल्यापेक्षा थोडी मंद, थोडी करडेपणाकडे झुकणारी छटा निवडावी. आवडीचा भडक रंग शिलाईत, पाइपिंगमध्ये (सीटच्या कडेने शिवलेल्या गोल गोटात) किंवा सीटच्या मधल्या पट्ट्यात आणावा. तिथे तो शोभूनही दिसतो.

शेजारचा रंगही दगा देतो. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर धागा पक्का काळाच निघाला. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो निस्तेज दिसत होता. 1839 मध्ये त्याने यामागचा नियम सविस्तर मांडला: शेजारी आलेले दोन रंग एकमेकांचं रूप बदलतात. गाडीतही तेच होतं. टॅन सीट काळ्या डॅशबोर्डशेजारी केशरी वाटते आणि तपकिरी डॅशबोर्डशेजारी शांत. नमुना दुकानाच्या पांढऱ्या काउंटरवर ठेवून ठरवू नका. तो डॅशबोर्ड, दाराचं प्लॅस्टिक आणि खालचं कार्पेट यांना टेकवून पाहा.

'मळखाऊ' म्हणून डोळे मिटून काळा घेणं

माझ्या मते सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. काळा मळखाऊ, पांढरा मळतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण मळाला स्वतःचा रंग असतो. धूळ फिकट असते. घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. कापसाचे तंतू, कोंडा, पांढऱ्या कुत्र्या-मांजराचे केस, हे सगळं काळ्यावर लांबूनही दिसतं. फिकट सीटवर मात्र यातलं काही जाणवत नाही. तिथे बुटाचा तळवा, पेनची शाई, वंगण आणि जीन्स उठून दिसतात.

तेव्हा प्रश्न असा विचारायचा: माझ्या गाडीत कोणता मळ येतो? सध्या वापरता त्या सीटवर दोन ओलसर फडकी फिरवा, एक पांढरं आणि एक काळं. ज्या फडक्यावर मळ ठळक दिसेल, त्या रंगाची सीट तुम्हाला सतत पुसावी लागणार. पाच मिनिटांचं काम आहे, पण विक्रेत्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगून जातं.

खरे मळखाऊ रंग मधले असतात. पारवा, करडा, मातकट तपकिरी. त्यातही एकसलग रंगापेक्षा दोन-तीन छटांचे धागे मिसळलेली वीण जास्त झाकते, कारण डागाला उठून दिसायला सपाट पृष्ठभाग मिळत नाही. घरात लहान मुलं असतील किंवा गाडी दिवसभर रस्त्यावर असेल, तर मी बेधडक अशी मिश्र वीण सुचवेन. ज्यांना काळाच हवा आहे त्यांनीही तो जरूर घ्यावा. फक्त ब्रश गाडीतच ठेवावा आणि चकचकीत काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या टाळाव्यात. त्यांच्यावर कोरडं फडकं फिरवलं तरी बारीक ओरखडे उमटतात.

उन्हाचा विचार न करणं

गाडी कुठे उभी राहते, यावर निम्मा निर्णय अवलंबून असायला हवा. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये उन्हाळ्यात मोजमाप करून 2018 मध्ये जाहीर झालेल्या एका अभ्यासात, तासभर उन्हात उभ्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी 47 अंश सेल्सिअसपर्यंत तापली होती. सीट 51 अंशांवर, स्टिअरिंग 53 आणि डॅशबोर्ड तब्बल 69 अंशांवर गेला होता. गडद पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो, त्यामुळे काळी सीट फिकट सीटपेक्षा जास्त तापते. शिवाय गुळगुळीत रेक्झिन किंवा चामडं त्वचेला पूर्ण चिकटतं, म्हणून कापडापेक्षा जास्त चटका देतं. उघड्यावर गाडी लावणाऱ्याने काळं रेक्झिन घेण्याआधी हे लक्षात घ्यावं. काळाच पाहिजे असेल तर निदान कापड निवडावं. झाकलेल्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर हा मुद्दा जवळजवळ गळून पडतो.

ऊन रंग उडवतंही. पुढची काच दोन थरांची असते आणि मधल्या पातळ थरामुळे बहुतेक अतिनील किरण अडतात. बाजूच्या साध्या काचांतून मात्र त्यातले लांब लहरींचे किरण आत येतात. म्हणून रंग बहुधा आधी खिडकीकडच्या कडेला आणि मागच्या काचेखाली उडतो, आणि लाल किंवा जांभळी सीट असेल तर तो पट्टा लगेच नजरेत भरतो. कापडाचा पक्केपणा मोजायला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं माप वापरतात: 1 सर्वांत कच्चा, 8 सर्वांत पक्का. कापड विकणाऱ्याला हा आकडा विचारा. तंतू काढतानाच त्यात रंग मिसळलेलं कापड, वरून रंगवलेल्या कापडापेक्षा उन्हात जास्त टिकतं.

डॅशबोर्डचा वरचा भागही फिकट करून घेणं

इथे मात्र मी आवडीच्या बाजूने बोलणार नाही. फिकट डॅशबोर्डचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं आणि समोरचा रस्ता दुधट दिसतो. सूर्य समोर असेल तर जास्तच. आतून पूर्ण बदामी असलेल्या कित्येक गाड्यांतही डॅशबोर्डचा माथा गडद आणि खरखरीत ठेवलेला असतो, तो याचसाठी. त्यावर पांढरं आवरण घालू नका, आणि चकाकी आणणारं पॉलिशही लावू नका. आधीच फिकट असेल तर गडद, मॅट चटई अंथरा, पण पुढच्या सीटवर बसणाऱ्याची एअरबॅग जिथून उघडते ती जागा मोकळी ठेवा. पोलराइज्ड चष्म्याने हे प्रतिबिंब बरंच कमी होतं.

छताचं उलट आहे. फिकट छत आतली जागा मोकळी भासवतं, आणि तिथे हात क्वचितच लागतो. गाडीत बसलं की कोंदटल्यासारखं होणाऱ्यांनी सीट काळी घेतली तरी छत फिकट ठेवावं.

पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीने निवडणं

'विकताना अडचण येईल' म्हणून मन मारून करडा रंग घेणारे पुष्कळ आहेत. गाडी वर्ष-दोन वर्षांत विकायची असेल तर हा हिशोब पटतो. सात-आठ वर्षं तुम्हीच त्यात बसणार असाल, तर अनोळखी माणसाच्या पसंतीसाठी ती वर्षं का द्यायची?

रंग घेऊन झालाय आणि आता त्रास होतोय?

जीन्सचा डाग असेल तर वेळ दवडू नका. जीन्स जिने रंगवतात ती नीळ सुताच्या आतपर्यंत मुरत नाही, बरीचशी बाहेरच्या बाजूलाच बसलेली असते. म्हणून ती घासली की सुटते, आणि घाम किंवा ओल असेल तर आणखी सहज सुटते. रेक्झिन मऊ ठेवणारी जी द्रव्यं त्यात असतात त्यांच्यात हा रंग मुरत जातो. पहिल्या काही दिवसांत सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि थोडा धीर, एवढ्यावर तो बहुधा निघतो. ॲसिटोन, स्पिरिट आणि पांढरा मॅजिक स्पंज यांपासून दूर राहा. तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिशपेपरच असतो आणि डागाबरोबर वरचा थरही नेतो. नवी जीन्स गाडीत बसण्याआधी तपासायची असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासा. रुमाल निळा झाला तर ती दोन-चार धुण्यांनंतरच घाला, किंवा सीटवर चादर टाका.

कापडी सीटवर डाग पुसल्यावर वर्तुळ उरलं असेल तर ते पाण्याचं आहे. फक्त डागापुरतं ओलं केलं की मळ कडेला जाऊन तिथेच वाळतो. शिलाईपासून शिलाईपर्यंत पूर्ण भाग सारखा, पण हलकाच ओला करून पुसा आणि दारं उघडी ठेवून वाळवा. छिद्रं असलेल्या चामड्यावर द्रव सरळ ओतू नका. आधी फडक्यावर घ्या.

रंगच नकोसा झाला असेल, तर वर रंगाचा थर असलेलं चामडं जाणकाराकडून पुन्हा रंगवून घेता येतं, आणि फिकटावरून गडदाकडे जाणं सोपं पडतं. कापड रंगवायच्या भानगडीत पडू नका. रंग कपड्यांना लागत राहतो.

उरला मार्ग कव्हरचा. तो घेण्याआधी सीटच्या दाराकडच्या कडेवर 'एअरबॅग' लिहिलेलं छोटं लेबल शिवलंय का ते बोटाने चाचपून पाहा. असेल तर ती एअरबॅग सीटची कड फाडून बाहेर येते, आणि साधं घट्ट कव्हर तिला अडवू शकतं. त्या कडेला धक्क्यासरशी उसवणारी खास शिलाई असलेलं, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं कव्हर लागतं. विक्रेत्याला ती शिलाई दाखवता आली नाही, तर रंग अगदी मनासारखा असला तरी ते कव्हर तिथेच ठेवून या.