भाडेकरूची नोंद कशी करावी: दांडिया बाजारातून

माझं घर बडोद्यात दांडिया बाजारात आहे. जुनं, लाकडी जिन्याचं. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या भाड्याने असतात. नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं कर्जखात्यात, त्यामुळे कागद तपासायची सवय अंगात मुरलेली. तरीही भाडेकरूचे कागद तपासणं म्हणजे मी आधारची झेरॉक्स घेऊन कपाटात टाकत असे, बस्स.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. २६ तारखेला पहाटे अहमदाबाद आणि सुरतमध्ये पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून हजारावर माणसं ताब्यात घेतली. लगेच आपल्या शहरातही चौकशी सुरू झाली. माझ्याकडे तेव्हा घडियाळी पोळमध्ये सोनारकाम करणारे दोन भाऊ राहत होते, पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातले. थोरल्याची पोलीस स्टेशनला नोंद मी केली होती. धाकटा दोन महिन्यांपूर्वीच गावाहून आलेला, त्याची राहून गेली होती. पोलीस त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला, जिन्यापाशी चपला काढल्या आणि तिसऱ्या पायरीवरच बसला. हातात प्लास्टिकची पिशवी तशीच होती. तिच्यात आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, घड्या घालून घालून मधोमध फाटलेली. ती नोंद माझ्याकडून राहिली होती, त्याच्याकडून नाही. हे लिहायला बसले ते त्यासाठी.

पहिली गोष्ट: नोंद खोलीची नसते, माणसाची असते. भाऊ, मेहुणा, गाववाला, जो कोणी रात्री झोपायला राहतो त्याची वेगळी नोंद करा. पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा वेळोवेळी निघतो, त्यानुसार भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला देणं घरमालकावर बंधनकारक असतं. तो जाहीरनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढलेला असतो आणि मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ घरमालकाला लागतं. माहिती गुजरात पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवरून भरता येते. भरल्यावर जो अर्ज क्रमांक मिळतो त्याची प्रिंट काढून एक स्वतःजवळ ठेवा आणि एक भाडेकरूला द्या. त्याला द्यायला विसरू नका. रात्री रस्त्यात अडवलं तर दाखवायला त्याच्या खिशात तोच कागद असतो.

आता कागद कसे बघायचे. आधारवर विसंबू नका. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिलेलं आहे. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. पण कार्ड खरं की खोटं एवढं तरी लगेच कळतं. त्यावरचा क्यूआर आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा, नाव आणि फोटो समोर येतो. छापलेल्या कार्डाशी तो जुळत नसेल तर तिथेच थांबा. मतदार ओळखपत्राचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकला की मतदारसंघ आणि यादीतला भाग दिसतो. धाकट्याच्या आईचं नाव मी तिथेच शोधलं, पान छापलं आणि पोलीस स्टेशनला नेऊन दिलं. एक कागद खोटा बनवता येतो. शाळेचा दाखला, आईवडिलांचं मतदार यादीतलं नाव आणि गावाचा पत्ता हे तिन्ही एकमेकांशी जुळवणं फार कठीण. म्हणून सुटा कागद बघू नका, मेळ बघा.

भाषेवरून, नावावरून काही ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, तो पाण्याला पानी म्हणतो, जल नाही, म्हणजे पलीकडचाच.’ पश्चिम बंगालमधले मुसलमानही पानीच म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे आणि दोन्ही बाजूंना तीच भाषा बोलतात. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी एकमेकांच्या हद्दीत अडकलेले भूभाग अदलाबदल केले, भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१. कूचबिहारमधल्या त्या छिटमहालांतले हजारो लोक त्या रात्री कायद्याने भारतीय झाले. उच्चार तोच, कपडे तेच. आणि आपण बडोद्याचे मराठी? आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर, दप्तराबरोबर या गावात आले. आजही माझं गुजराती ऐकून कोणी विचारतंच, ‘तमे मराठी?’

हे एवढं का जपायचं, तर कायद्यात ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच असते. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात तसं होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. चौदा तास खाली मान घालून ठुशीचे मणी ओवणारा मुलगा ते एकट्याने कसं करणार? तुमच्याकडची फाइल नीट असेल तर त्याचं अर्धं काम होतं.

भाडेकरू खरोखरच परदेशी असेल तर रीत वेगळी आहे, आणि सोपी आहे. माझ्याकडे सयाजीराव विद्यापीठात शिकणारी टांझानियाची मुलगी दोन वर्षं राहिली. पासपोर्ट आणि व्हिसा मूळ प्रतीत बघायचा, व्हिसाचा प्रकार आणि संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची. ती राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर तिची माहिती भरायची. सगळे त्याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. हे फक्त हॉटेलांना नाही, घरी ठेवणाऱ्यालाही लागू आहे. १८० दिवसांहून मोठ्या मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर तिला स्वतःला १४ दिवसांत वेगळी नोंदणी करावी लागते, ती झाली का ते विचारा. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात कधीही ठेवू नका. नेपाळच्या नागरिकाला १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, उगाच मागू नका.

आणि देशाला धोका म्हणाल, तर तो घरात कुठून शिरतो ते बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) ओखा बंदरावरच्या एका कामगाराला पकडलं. तटरक्षक दलाच्या जहाजांची ये-जा तो समाजमाध्यमावरच्या ओळखीतून पाकिस्तानला कळवत होता. दिवसाचे २०० रुपये, सगळे मिळून सुमारे ४२,००० घेतले होते. इथलाच माणूस, इथलेच कागद. बडोद्यात मकरपुऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे, २०२४ पासून सी-२९५ या लष्करी विमानांचा कारखाना आहे. म्हणून माझे नियम पक्के आहेत: स्वतःच्या नावावरचं सिम भाडेकरूला कधीच द्यायचं नाही, मग तो बंगाली असो की बार्शीचा देशस्थ. बँक खातं ‘चार दिवस वापरायला’ द्यायचं नाही. घरच्या वायफायचा पासवर्ड वेगळा ठेवायचा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर दर दिवाळीला बघायचं, नको असलेलं तिथूनच बंद करता येतं.

खरोखर संशय आला, म्हणजे क्यूआर जुळत नाही, पत्ता दर वेळी बदलतो, खोलीत रोज नवी माणसं येतात, तर स्वतः उलटतपासणी घेऊ नका, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. पोलीस स्टेशनला लेखी कळवा आणि पोच घ्या.

भाडेकरू खोली सोडतो तेव्हाही तारीख पोलिसांना कळवा; मी हे पूर्वी करत नसे. थोरला भाऊ गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन आला. पिशव्या खालीच ठेवल्या होत्या, भाच्याच्या हातात प्लास्टिकचं पाकीट. ‘काकी, पहले इसका फॉर्म,’ तो म्हणाला. मी चष्मा शोधला, आम्ही ओट्यावरच फोन घेऊन बसलो. अर्ज क्रमांक आला तेव्हा सव्वासात झाले होते, मग किल्ली दिली.