मृगाआधी झाडाचा बुंधा मोकळा करा

मृग आठवड्यावर आलाय. परसातला आंबा, फणस किंवा जांभूळ शेंड्याकडून वाळत असेल, पानं बारीक आणि पिवळी पडली असतील, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी खुरपं घेऊन बुंध्यापाशी बसा.

मी पाहिलेली घराभोवतालची आजारी झाडं बहुतेक एकाच चुकीनं गेली. बुंध्याभोवती कट्टा बांधायचा, आत दीड हात माती भरायची, वर पेव्हर ब्लॉक. खोडाची साल हवेत राहणारी. भरावाखाली ती कायम ओली राहते, बुरशी शिरते, मुळं गुदमरतात. झाड दोन-तीन वर्षं झुरतं, म्हणून कट्ट्यावर कुणाचा संशय जात नाही. शेजारच्या फणसाची माती उकरली तेव्हा साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली, आंबूस वास सुटला.

कट्टा फोडा. बुंधा रुंदावून मुळं फुटतात तिथपर्यंत माती हातानं काढा, कुदळ नको. कुजलेली साल निरोगी सालीपर्यंत खरवडा आणि दिवसभर वाळू द्या. मग बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा. एका झाडाला मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात कालवून मग एकत्र करा. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. वाळायला कोरडा दिवस लागतो, म्हणूनच ही घाई.

मुळंही कुजली असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून आळवणी करा, म्हणजे मुळांशी ओता. दुकानदार हिरवेपणाचं महागडं टॉनिक पुढे करील. कुजल्या मुळांनी ते ओढायचं कसं? घेऊ नका.

पागोळ्या पडतात त्या बाजूची साल आधी कुजते, असं मला दिसत आलंय. पुस्तकातलं नाही, पण तिथूनच उकरायला लागा.

बाकीची कामं:
- वाळक्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत कापणे, कापावर पेस्ट
- बांडगूळ फांदीसकट काढणे
- बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसल्यास भिरूडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, अळी तारेनं ओढून काढणे
- शेणखत फांद्यांच्या घेराखाली, बुंध्याला नाही

पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन बाहेर जा. बुंध्याशी पाणी थांबलेलं दिसलं तर तिथल्या तिथे चर काढा, उघडिपीची वाट पाहू नका.