घटनास्थळाची तपासणी : या चुका टाळा

घटनास्थळावरील पुरावा सर्वाधिक नष्ट होतो तो पहिल्या तासात आणि बहुतेक वेळा आपल्याच पोलिसांच्या पायांखाली. जखमी व्यक्तीला वाचवणे हे पहिले काम, त्यात वाद नाही. मात्र त्यानंतर आत शिरणाऱ्या प्रत्येकाला तेथे खरोखर काम असतेच असे नाही. स्पर्श झाला की काहीतरी दिले-घेतले जाते, हे १९१० मध्ये फ्रान्समधील लियों शहरात पोलीस प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार्ड यांचे तत्त्व सर्वांना पाठ असते, पण ते आपल्या बुटांनाही लागू आहे याचा विसर पडतो.

एका बंद घरातील खुनाच्या तपासात मागील दाराशी साचलेल्या धुळीत आम्हाला बुटाचा सुरेख ठसा मिळाला. टाचेची डावी कडा झिजलेली आणि तळव्यावर एक तिरपी चीर, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. संशयितांची पादत्राणे गोळा करून ताडून पाहण्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर एका शिपायाने खडा काढण्यासाठी बूट उलटा झटकला, आणि तीच चीर माझ्यासमोर आली. मागील दाराला कडी आहे का, एवढेच पाहण्यासाठी तो आत गेला होता आणि त्याची नोंद कोणीही केली नव्हती. तेव्हापासून मी आत जाण्या-येण्याची एकच वाट आखतो, दाराशी वही घेऊन एक माणूस उभा करतो आणि आत जाणाऱ्याचे नाव, वेळ, कारण व बुटाच्या तळव्याचे छायाचित्र घेतो. वरिष्ठांना हे रुचत नाही. परंतु सही मागितली की त्यांपैकी निम्मे बाहेरूनच परततात.

दुसरी चूक म्हणजे रक्ताने भिजलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबणे. ओलावा आत कोंडला की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. असे कपडे स्वच्छ कागदावर, एकमेकांना न लागतील असे सावलीत वाळवावेत आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत भरावा. ‘वाळवायला वेळ कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या नवख्यांना मी पिशवी परत उघडायला लावतो. जळिताचे अवशेष मात्र हवाबंद डब्यातच भरावेत, कारण कागदातून पेट्रोलची वाफ उडून जाते.

मोजपट्टीशिवाय आणि मोजपट्टीसह, अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत, आणि वस्तू उचलण्यापूर्वी घ्यावीत. प्रत्येक नमुन्यासाठी हातमोजे बदलावेत. सापडलेला मोबाईल चाळून पाहू नये.

जागेचा ताबा घाईने सोडणे हीदेखील चूकच आहे. एकदा सोडलेल्या जागेत पुन्हा मिळालेल्या वस्तूवर बचाव पक्ष हमखास बोट ठेवतो. निघण्यापूर्वी मी दिवे मालवतो, बॅटरी जमिनीलगत आडवी धरतो आणि एकट्याने शेवटची फेरी मारतो. वरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट भासलेल्या फरशीवर तेव्हा ठसे उठून दिसतात.