विंडोजची हार्ड डिस्क मॅकवर लिहिण्यायोग्य कशी केली

विंडोजवर वापरलेली माझी १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क मॅकला जोडल्यावर तिच्यातील फायली उघडत होत्या, परंतु नवी फाइल ठेवता येत नव्हती आणि जुनी पुसताही येत नव्हती. केबल बदलून व परवानग्या तपासून काहीच साधले नाही, आणि यात दोन संध्याकाळी गेल्याने मी फार वैतागलो.

मूळ कारण डिस्कच्या एनटीएफएस या फॉरमॅटमध्ये (फायली साठवण्याच्या पद्धतीत) होते. मॅक तो वाचतो, मात्र त्यावर लिहीत नाही. प्रथम मी फॅट३२ निवडण्याच्या विचारात होतो, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही आणि माझे लग्नाचे चित्रीकरण त्याहून मोठे आहे. म्हणून दोन्ही संगणकांवर चालणारा आणि ही मर्यादा नसलेला एक्सफॅट निवडला.

आधी सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्यांतील काही उघडून पाहिल्या, कारण पुढच्या पायरीत सारे पुसले जाते. मग मॅकमधील डिस्क युटिलिटी हे अ‍ॅप उघडून 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडले, डावीकडे त्या डिस्कची सर्वांत वरची ओळ निवडली (खालचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा विभाग, निवडल्यास स्कीमचा, म्हणजे विभागांच्या मांडणीचा, पर्याय दिसत नाही), 'इरेज' दाबले, फॉरमॅटमध्ये 'एक्सफॅट' व स्कीममध्ये 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ठेवून पुन्हा 'इरेज' दाबले आणि शेवटी फायली परत भरल्या.

आता दोन्ही संगणकांवर लिहिता येते. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवून अर्धवट राहिलेले काम सावरण्याची सोय) नसल्याने डिस्क 'इजेक्ट' केल्याशिवाय मी केबल काढत नाही.