लंबगोल चेनव्हीलची स्वतःच्या पायांवर चाचणी कशी घ्यावी

लंबगोल चेनव्हीलमागचा (चेनव्हील म्हणजे पॅडलशी जोडलेले, चेन ओढणारे दातेरी चक्र) विचार साधा आहे: पॅडल आडवे असताना पायाचा जोर सर्वाधिक पडतो, तेथे चक्र मोठे असावे आणि पॅडल अगदी वर किंवा खाली असताना ते लहान असावे. शिमानो कंपनीच्या १९८३ मधील बायोपेस या लंबगोल चेनव्हीलची रचना जवळजवळ उलट होती, त्यामुळे तिच्या अनुभवावरून आजच्या चक्रांना नावे ठेवणे योग्य नाही. ब्रिटिश सायकलपटू विगिन्स (२०१२) आणि फ्रूम (२०१३) यांनी असे चक्र लावून टूर द फ्रान्स जिंकली, पण तेवढ्याने चक्राचा गुण सिद्ध होत नाही, आणि संशोधनातही ठाम फायदा दिसलेला नाही.

म्हणून चाचणी स्वतःच घ्यावी. छत्रपती संभाजीनगरच्या सायकलस्वारांना दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे चढणारा घाट यासाठी सोयीचा आहे. मात्र श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ असते, ते दिवस टाळावेत आणि उन्हाळ्यात उजाडतानाच चढाई उरकावी. गोल आणि लंबगोल अशा दोन्ही चेनव्हीलच्या दात्यांची संख्या सारखी असावी. नव्या चक्राची पायांना सवय होण्यासाठी दोन-तीन आठवडे द्यावेत. मी या गोष्टीला फार महत्त्व देतो, कारण पहिल्या दिवशीचा वेगळेपणा हाच फायदा वाटू लागतो. त्यानंतर टायरमधील हवा, पाण्याच्या बाटल्या आणि मागचा गियर तोच ठेवून गोल, लंबगोल, लंबगोल, गोल अशा क्रमाने, वारा नसलेल्या वेगवेगळ्या दिवशी चढावे.

खरी फसगत पॉवर मीटरमध्ये, म्हणजे पायांची ताकद वॅटमध्ये मोजणाऱ्या यंत्रात होते. क्रँकवर (पॅडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर) किंवा पॅडलवर बसवलेले अनेक मीटर पूर्ण फेऱ्याची सरासरी गती धरून वॅट काढतात, परंतु लंबगोल चक्रावर जोर जास्त असतो नेमक्या त्याच टप्प्यात क्रँक सावकाश फिरतो, म्हणून पायांनी न दिलेले वॅटही पडद्यावर दिसतात. मागच्या चाकाच्या हबमधील (मध्यभागातील) मीटरला ही अडचण येत नाही. तो असल्यास प्रत्येक वेळी वॅट सारखे राखावेत, नसल्यास हृदयाचे ठोके सारखे राखून घड्याळातील वेळ पाहावी.

एकाच चक्रावरच्या दोन चढायांत जितका फरक पडतो, त्याहून दोन चक्रांमधला फरक स्पष्टपणे मोठा असेल तरच तो खरा मानावा. तसा नसेल आणि सायकलला पुढे दोन चेनव्हील असतील, तर मी गोल चेनव्हीलच ठेवण्याचा सल्ला देईन, कारण लंबगोलावर पुढचा डिरेलर (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारे यंत्र) मोठ्या त्रिज्येच्या उंचीवर बसवावा लागतो आणि चेन चढवताना ती अडखळू शकते.