थरथरत्या पात्यावरचा दाब मोजण्याआधी

टर्बाइनच्या किंवा कंप्रेसरच्या कंप पावणाऱ्या पात्यावरचा बदलता दाब मोजायचा असेल, तर तयारीला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. आपल्याला दाब किती हे हवंच, पण त्याहून जास्त हवी त्याची फेज, म्हणजे पात्याच्या हालचालीच्या तुलनेत दाब किती पुढे किंवा मागे आहे ते (पूर्ण आवर्तन म्हणजे 360 अंश). एका आवर्तनात पातं हवेकडून ऊर्जा घेतं की हवेला देतं, हे दाबाच्या त्या भागावर ठरतं जो पात्याच्या हालचालीच्या 90 अंश पुढे किंवा मागे असतो. फ्लटर होणार, म्हणजे कंपन आपोआप वाढत जाणार, की ते विरून जाणार, याचं उत्तर त्या भागाच्या चिन्हात (धन की ऋण) आहे. फेज शून्याच्या किंवा 180 अंशांच्या आसपास असेल, तर चार-पाच अंशांची चूकही ते चिन्ह फिरवू शकते. दाबाच्या मापातली पाच टक्के चूक एक वेळ खपते. फेजची अशी चूक खपत नाही.

सेन्सर थेट पात्यात बसत असेल तर तसंच करावं. मागची कड मात्र फार पातळ असते, तिथे नळीने दाब बाहेर आणावाच लागतो. पुढच्या कडेजवळ दाब झपाट्याने बदलतो, म्हणून तिथे दाब मोजण्याची भोकं दाट घ्यावीत. प्रत्येक भोकाची कड भिंगाखाली बघावी, बर, म्हणजे धातूची खरबरीत किनार, राहिलेली नको. दोन्ही बाजूंची भोकं एका पात्यात मावत नसतील, तर एका पात्यावर सक्शन (कमी दाबाची) बाजू आणि दुसऱ्यावर प्रेशर (जास्त दाबाची) बाजू घ्यावी.

खरी मेहनत नळ्यांवर आहे. नळीतली हवा ठरावीक वारंवारितेला स्वतःच जोरात घुमते, तो अनुनाद; त्याच्या आसपास दाबाचं माप आणि फेज दोन्ही बिघडतात. 50 मिमी लांबीच्या नळीचा पहिला अनुनाद साधारण 1700 हर्ट्झला येतो, 200 मिमीच्या नळीचा सुमारे 425 ला, आणि सेन्सरपुढची पोकळी धरली की दोन्ही आणखी खाली येतात. म्हणून नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. चिकटवण्याचं सगळं काम झाल्यावर स्पीकर आणि भोकाशी धरलेला संदर्भ सेन्सर वापरून प्रत्येक नळीचं वेगळं कॅलिब्रेशन करावं, म्हणजे नळी दाबाचं माप आणि फेज किती बदलते ते मोजून ठेवावं. गोंदाचा एक थेंब आत गेला तरी नळी आतून अरुंद होते आणि फेज सरकते, बाहेरून काहीच दिसत नाही.

मग कंपनाचा स्वतःचा खोटा सिग्नल. 100 हर्ट्झ आणि 1 मिमी हालचाल म्हणजे जवळपास 395 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण. 50 मिमी नळी त्याच दिशेला असेल, तर आतल्या हवेच्या जडत्वानेच सुमारे 24 पास्कल दाब दिसेल. नळी पात्याच्या उंचीच्या दिशेने नेली, की हालचाल तिला आडवी पडते आणि हा त्रास बराच टळतो. सेन्सरचा पडदाही त्वरणाला दाद देतो. म्हणून वारा बंद ठेवून, भोकं टेपने बंद करून पातं हलवावं आणि जे काही उरेल ते नोंदवावं. नंतर ते फेजसकट वजा करायचं.

सगळे चॅनल एकाच क्षणी नमुने घेतात ना, फिल्टर सारखे आहेत ना, हे बघणं अनिवार्य. 100 हर्ट्झला 100 मायक्रोसेकंदांचा उशीर म्हणजे 3.6 अंश. विस्थापन मोजणारा लेझरही त्याच कसोटीवर घ्यावा, कारण फेज त्याच्याच सापेक्ष मोजली जाते.

एकच पातं हलवून शेजारच्या पात्यांवरचा परिणाम मोजायचा आणि बेरजेने सगळ्या पात्यांची फिरती लाट (सगळी पाती एकामागोमाग एक ठरावीक फेजच्या फरकाने हलतात तेव्हाचं कंपन) बांधायची असेल, तर पात्यांवर मार्करने क्रमांक लिहावेत आणि धन दिशा कोणती तेही. क्रमांक उलटे लागले, तर पुढे जाणारी लाट मागे जाणारी ठरते. ही बेरीज रेषीयतेवर, म्हणजे हालचालीच्या प्रमाणातच दाब बदलतो या गृहीतावर, उभी आहे, म्हणून आंदोलनाचा आकार दुप्पट करून गुणांक (दाब भागिले हालचाल) तोच राहतो का हे आधी पाहावं. राहत नसेल तर आकार कमी करावा.

शेवटी तापमान लिहून घ्यावं, कारण ध्वनीचा वेग बदलला की नळ्यांचं कॅलिब्रेशनही सरकतं. आणि मापन संपल्यावर टेपवाली चाचणी पुन्हा घ्यावी, सेन्सर काढण्याआधी.